हातानं बसवलेला बोल्ट

श्रद्धा: काका, हे फोनवर सांगता आलं नसतं का? तळेगावहून कुसगावला यायचं म्हणजे अख्खी सकाळ गेली. गिऱ्हाईक उद्या आमची फियाट न्यायला येतंय.

दत्तोबा: उद्या न्हाई द्यायची गाडी. बसा ताई. त्या स्टुलाला आईल लागलंय, हितं बसा.

श्रद्धा: इंजिन झालं, रंग झाला. मग अडलंय कुठं?

दत्तोबा: स्टिअरिंगचा दांडा खोललाय.

श्रद्धा: त्यांनी तर बजावलं होतं, स्टिअरिंगला हात लावू नका म्हणून.

दत्तोबा: सरांनी ना? वडील हायेत तुमचे. मला बी दोनदा म्हनले. पर ही लग्नाच्या वरातीला जानार, लेकरं बसनार तिच्यात. चाक मोकळं फिरतंय, कशी देऊ? हे बगा.

श्रद्धा: मला यातलं काय कळणार?

दत्तोबा: कळंल. दांड्याचे हे दाते खाली बसत्यात आनि हा बोल्ट त्येला धरून ठेवतो. बोल्ट ढिला पडला की दांडा सरकतो. मंग चाक कितीबी फिरवा, टायर वळत न्हाई.

श्रद्धा: चार वर्षं छपरात पडून आहे गाडी. गंजला असेल.

दत्तोबा: गंजला आसता तर निघाला नसता. ह्यो बोटानं निघाला. मीच बसवलेला, बोटानं.

श्रद्धा: कधी?

दत्तोबा: चार वर्षांमागं, खंडेनवमीला. दांड्याचा झिजलेला बुश बदलला, समदं जोडलं, निस्ता ह्यो आवळायचा ऱ्हायला. तवर आमच्या बायकोनं, झुंबरबाईनं, पाने-हातोड्या धुऊन पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं. पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या पूजेआधी आमी उचलत न्हाई. म्हटलं, सकाळी आवळू. सकाळी मी झेंडूची फुलं आनाया गेलतो आनि सर आले. तुमच्या आईला तिकोणा पेठेला म्हायेरी जायचं व्हतं. आमच्या हिनं चावी दिली.

श्रद्धा: आणि तुम्हाला आठवलं नाही?

दत्तोबा: आठवलं. फोन हातात घेतला व्हता. मंग वाटलं, हातानं बी बरा घट्ट बसलाय, सनाच्या दिवशी कशाला घोर लावायचा. दुपारी गाडी आदळून तुमची आई गेल्याचं कळलं. सांजच्याला सरच म्हनले, गाडी चालवताना मला डुलकी लागली. खोटं कशाला बोलू, माज्या जिवाला बरं वाटलं.

श्रद्धा: चार वर्षांत मी त्यांना एकदाही बाबा म्हणून हाक मारली नाहीये, काका. आईच्या वर्षश्राद्धाला मी सगळ्यांदेखत त्यांना म्हणाले, तुम्ही तिच्या पानाला शिवू नका.

दत्तोबा: ठावं हाय. त्या पंगतीत मी बी जेवत व्हतो.

श्रद्धा: चाक हातात नुसतंच फिरतंय, हे चालवणाऱ्याला कळतं?

दत्तोबा: न कळून कसं चालंल.

(श्रद्धा फोन लावून स्पीकर चालू करते.)

श्रद्धा: बाबा.

दिगंबर: कोण? श्रद्धा? काय झालं गं?

श्रद्धा: दत्तोबाकाकांकडे आहे. तुम्हाला डुलकी लागली नव्हती.

दिगंबर: म्हणजे त्याने ते खोललं.

श्रद्धा: का नाही सांगितलंत मला?

दिगंबर: झुंबरबाई म्हणत होत्या, थांबा, ते येतीलच एवढ्यात. मला घाई. चावी मी मागून घेतली. आणि सांगून तुझी आई परत येणार होती का? त्याचं गॅरेज मात्र गेलं असतं. कुठाय तो?

श्रद्धा: समोरच आहेत. खाली बसलेत.

दिगंबर: त्याला आधी पाणी दे.

श्रद्धा: देते.

दिगंबर: आणि श्रद्धा, फोन लागल्यावर पहिलं काय म्हणालीस, ते परत एकदा म्हण.