नोंदीत मेलेलं झाड

टेस : बाबा, झाडावरचा टॅग पुन्हा वाचा. शेवटचे चार आकडे.

वेंडेल : थांब, चष्मा... शून्य-तीन-आठ-सहा.

टेस : नक्की? सहा-आठ नाही?

वेंडेल : अगं, चोवीस आकडी नंबर, डोकं गरगरतंय. आठ-सहाच. का?

टेस : कॉम्प्युटरवर, सरकारी नोंदीत, आठ-सहा मेलंय. मंगळवारी. मीच मारलं.

वेंडेल : मंगळवारी शेळीने खाल्लं ते कोपऱ्यातलं. हे तर आईचं झाड. हे बघ, उभंय हिरवंगार!

टेस : तेच ना! शेळीने खाल्लं सहा-आठ, मी नष्ट टाकलं आठ-सहा. म्हणजे खाल्लेलं जिवंत, आणि आईचं...

वेंडेल : मग उलटं टाईप कर.

टेस : होत नाही. एकदा मेलं की मेलं. आणि तपासणीवाल्या बाई फाटकाशी आल्यात.

वेंडेल : खाल्लेल्याचा टॅग माझ्या खिशात आहे. अडकवतो यालाच. कोणाला कळतंय?

टेस : बाबा! लायसन्स जाईल. वीस वर्षं या हंबोल्टच्या डोंगरात गांजा चोरून पिकवलात. गाडीचा आवाज आला की आई दचकायची. म्हणून तर कायद्याने परवानगी मिळताच तिने लायसन्स काढलं ना?

(मिसेस प्रुइट काचघरात येतात.)

प्रुइट : हातात काय आहे, मिस्टर हॅस्केल?

वेंडेल : टॅग. खाल्लेल्या झाडाचा. लबाडी करणार होतो, बाई. पोरीने अडवलं.

टेस : नंबर मी चुकवला. शेळीने सोडलेला बुंधा ठेवलाय, फोटोही आहेत तारखेसकट.

प्रुइट : दाखवा... हं. पण नोंद नष्ट, म्हणजे हे झाड बेकायदा. कापून मातीत मिसळावं लागतं.

वेंडेल : माझी बायको लोरेटा तीन वर्षांपूर्वी गेली. हे तिने बीपासून वाढवलं. दरवर्षी याच्याच फांद्या लावतो आम्ही. दुसरं नाही असं.

प्रुइट : ...दुरुस्तीचा अर्ज करा. फोटो जोडा, मी शेरा लिहिते. निकाल येईपर्यंत कापायचं नाही, हलवायचं नाही, फांदी घ्यायची नाही.

टेस : किती दिवस?

प्रुइट : सहा आठवडे. कदाचित दहा. आणि मंजूर होईलच असं नाही.

वेंडेल : तोवर हे मेलेलं धरायचं की जिवंत?

प्रुइट : खरं सांगू? मलाही कळत नाहीये.

वेंडेल : पाणी घालू?

प्रुइट : पाण्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही.

वेंडेल : टेस, नळ सोड गं.