पट्टेवाल्याची शेपटी

न्हाई, ती औषधाची बाटली ठेवा खाली, मॅडम. आधी पिशवी उजेडाकडं धरा — अशी, जरा वर — घाबरू नका, मासळी दमली हाय, पन मरत न्हाई इतक्यात. ह्यो तुमच्या पोरीचा, आरतीचाच पट्टेवाला ना? व्हय, डोळ्यामागच्या पांढऱ्या पट्ट्याला खाच हाय, मीच वाढवलाय त्याला, वळखनार न्हाई व्हय? सहा वर्सं तुमच्या हॉलातली खाऱ्या पान्याची टाकी ह्याच हातांनी धुतली. तुमाला वाटलं आसंल छबू आता कुठंतरी भांडी घासत आसंल — आन ही तर राहात्यातच, मच्छिंद्रशेठच्या माशांच्या दुकानात बसलीय. बघा, नशीब.

आता शेपटी बघा. काठ फाटलाय, झालर उसवल्यावानी, पन फाटल्या जागी पांढरं धरलेलं न्हाई, कापसावानी काय न्हाई, बुडाशी लाल न्हाई. रोग आसता तर काठ दुधाळ झाला आसता आन शेपटी दिसंदीस झडत गेली आसती. दगडाला घासला म्हनावं, तर अंगबी खरचटलं आसतं. हे चावे हायेत. एक, ह्यो दुसरा, आन हितं खाली बारका तिसरा. कुनीतरी मागनं येऊन तोडतंय. कोन? मला म्हाईत हाय कोन. मला तवाबी म्हाईत हुतं.

तवा म्हंजे — इसरला का? गौरीचं हळदीकुंकू, पंचवीस बायका हॉलात, आन पिवळ्या माशाची शेपटी फाटलेली, अगदी अश्शीच. तुमी टाकीपाशी आला आन मोठ्यानं म्हनाला, 'छबू, तुझ्या बांगड्यांनी फाडलाय माझा मासा. काढ त्या. हितंच काढ.' मी म्हनलं, मॅडम, मी बांगड्या कोपरापर्यंत चढवून वर रुमाल बांधते, मगच हात घालते — ऐकलं कुनी? सगळ्या सवाष्णी कुंकू लावून बसलेल्या, आन मी एकेक हिरवी बांगडी काढून टीपॉयवर ठेवतीय. घरी मालक आजारी — तुमाला म्हाईत हुतं की, डायलिसिसची चिठ्ठी तुमच्या डॉक्टरसाहेबांनीच लिहून दिल्ती.

दिवाळीनंतर गेले ते. हातांकडं काय बघता? न्हाई, न्हाई — बांगड्या काढल्यानं मानूस जात न्हाई, येवढं मलाबी कळतं, किडन्याच गेल्त्या त्यांच्या. पन बायका बांगड्या फोडायला आल्या ना, तवा मला रडूच येईना. मला वाटलं, ह्ये तर झालंय आधीच. मोनिका मॅडम, तुमच्या हॉलात झालंय.

आन त्या दिवशी बांगड्या काढताना मी टाकीकडंच बघत हुते — बायकांच्या तोंडाकडं कसं बघनार? — तवाच दिसला. निळा. अंगठ्यायेवढा, साहेबांनी नगरवरनं आनलेला, तुमी कौतुकानं सगळ्यांना दाखवत हुता त्यो. खडकाच्या बिळातनं सुटला, पिवळ्याची शेपटी तोडली आन परत आत. माझ्या डोळ्यांदेखत. बोट दाखवलं आसतं तर तिथल्या तिथं माझ्यावरचा आळ गेला आसता. न्हाई दाखवलं. चप्पल घातली आन गेले. पिवळा म्हैन्यात मेला म्हनं. त्या मुक्या जीवाचा काय दोष — पन मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? लई बरं वाटलं.

तरी तिथं मिटलं आसतं. पन शिमग्यात तुमचा डायवर, कानिफनाथ, हितं आला — 'मॅडमना निळ्याला जोडीदार पायजे.' शेठ म्हनले, छबूबाई, गरीबसा बघून द्या. गरीब! दुकानाच्या टाकीत नऊ निळे हुते, आन त्यातला आडदांड कोन ते मला पाठ हुतं — बाकीच्या आठांना कोपऱ्यात कोंडून खायलासुद्धा देत नव्हता. त्योच जाळीत धरला. पिशवीत घातला, हवा भरली, रबर लावलं, आन वर कानिफनाथला म्हनलं, मॅडमना माझा नमस्कार सांग, त्यानं सांगितला न्हाई जनू — आता हे सगळं तुमच्यापुढं मी का बोलले? गेलं तोंडातनं. गेलं तर गेलं. बोलवा शेठला, मागं जेवतायत. सांगा, छबूनं जानून दिला. मग का दिला तेबी मी सांगीन, पहिल्यापास्नं सांगीन. बोलवा की. का हो, खाली का बसला?

आरतीच्या पट्टेवाल्यावर येईल हे मात्र मनात नव्हतं. पोर माझ्या मांडीवर बसून त्याला चारायची. म्हनून तिच्यापायी सांगते, तुमच्यापायी न्हाई. औषध नको. दोन्ही निळे काढा, पाव टाकी पानी बदला, चांगलं खायला घाला — दोन-तीन हप्त्यांत शेपटी भरून येईल. फक्त निळे असे जाळीत येत न्हाईत, बिळात शिरत्यात. सगळे दगड एकेक करून भाईर काढायचे, अख्खी दुपार जाती, आन सवय नसली तर खारं पानी हाताला चरचरतं.

काय म्हनला? मी येऊ? गाडी पाठवता? — आन ते काय म्हनला, चुकलं? हितं, येवढ्या हळू? तवा पंचवीस जनी हुत्या मॅडम. आज आपन दोघीच. न्हाई. माझा पाय तुमच्या घराला लागनार न्हाई. दगड तुमीच काढा, एकेक. रडू नका, गिऱ्हाईक आलंय. पिशवी घ्या, पानी तापतंय त्यातलं. आन जरा बाजूला सरा — या दादा, काय दाखवू?