शून्य मिलिमीटर पाऊस

अरे, जोडणीचं तुम्ही मला सांगू नका. दुबईच्या मेव्हण्यानं हवामान मोजायचं यंत्र आणलं, तेव्हा अख्ख्या भुईगावात ते कॉम्प्युटरला जोडणारा मी एकटा होतो. यंत्र गच्चीवर बसवलं, केबल खिडकीतून आत घेतली आणि पहिल्या झटक्यात वारा, तापमान स्क्रीनवर हजर! पाऊस मात्र शून्य. बाहेर आठ दिवस झड लागलेली आणि स्क्रीनवर शून्य मिलिमीटर.

बायको म्हणाली, "वर जाऊन बघ तरी."

"माझ्या बसवण्यात चूक नाही. सॉफ्टवेअर गंडलंय."

केबल बदलली. कॉम्प्युटर दोनदा फॉरमॅट केला. शेवटी वैतागून छत्री घेऊन गच्चीत गेलो, तर पाऊस मोजायच्या डब्यावर प्लास्टिकची पिशवी, सुतळीनं घट्ट बांधलेली!

"आई, हे कोणी केलं?"

"मीच. नवीन डबा, पण त्याला झाकणच दिलं नव्हतं त्यांनी. सगळं पाणी आत जात होतं."

"अगं, त्यानं पाऊस मोजायचा असतो!"

"मग मला विचारायचंस ना," आई म्हणाली. "वाडीतलं बावखल काठोकाठ भरून पाणी केळींच्या बुंध्याला लागलंय. घाल तुझ्या कॉम्प्युटरात."