टेस्टर पेटेपर्यंत चहा बंद

...हसू नका, हसायला तुमचं काय जातंय, तुमच्या बायकोनं मासे सोडलेत का? माझ्या बायकोनं सोडलेत. नर्मदा, वेंगुर्ल्याची बाई, सुरमईचा तुकडा नसला तर शुक्रवारसुद्धा सोमवार वाटतो तिला, आणि तिनं डिसेंबरात गावच्या जत्रेत देवाला गाऱ्हाणं घातलं, "ह्येंची सिगरेट सुटान शंभर दिस होयसर मी माशे खावचंय नाय." आणि कुवेतला परतल्यावर मला हे सांगितलं कधी, तर वरणभात कालवता कालवता. आता माणूस भांडणार कुणाशी? ती भांडली असती तर मी आणखी दोन ओढल्या असत्या.

सोडली. तुम्हाला सांगतो, त्याच दिवशी सोडली, अर्धं पाकीट तिच्यादेखत कचऱ्यात टाकलं... आणि चौथ्या दिवशी हात थरथरायला लागले. मी शुवैखच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिक फोरमन, थरथरत्या हातानं पॅनेलमध्ये बोट घालू? तेवढ्यात आमच्या बिल्डिंगमधला शैलेश दुबईहून आला आणि पेनासारखी एक कांडी काढून म्हणतो, "दादा, दोन हजार नऊ उजाडलं, तुम्ही अजून काडेपेटीतच? ही बॅटरीवर चालते, यूएसबीला लावा, चार्ज करा, ओढा. राख नाही, जाळ नाही. धूर नव्हे दादा, वाफ!"

म्हटलं, खरंच की. देवाला सिगरेटचं सांगितलंय, वाफेचं कुठे सांगितलंय? इडलीची येते ती वाफच ना? मग बाथरूमचा पंखा लावून वाफ, गाडीच्या काचा वर करून वाफ, आणि एकदा शर्ट घडी करताना कांडी नर्मदेच्या हातात. "ह्यां काय?" मी म्हटलं, "टेस्टर." अहो, इलेक्ट्रिशियनच्या खिशात दुसरं काय असणार? टोकाला लाल दिवासुद्धा आहे! तिचा विश्वास बसला. नुसता बसला असता तर ठीक, पण कामाचं हत्यार म्हणून ती ते रोज पुसून देवाच्या फळीवर ठेवायला लागली हो. मी सकाळी देवाला नमस्कार करणार आणि त्याच्या शेजारून ते उचलणार. देवाकडे बघायची हिंमत नाही. मनात आपलं एकच, धूर नव्हे, वाफ.

दर शुक्रवारी आम्ही शर्कच्या मासळीबाजारात. मासेवाला अहमद पापलेटाला "झुबैदी, झुबैदी" म्हणत ओरडणार, नर्मदा कल्ले उचलून पापलेट निवडणार, घरी आणून साफ करणार, तळणार, माझ्या ताटात वाढणार आणि स्वतः वरणभात घेऊन समोर बसणार. मग कॅलेंडरवर रोजची पेन्सिलीची फुली. मी काटा काढत खाणार आणि घास उतरणार नाही. म्हणजे उतरायचा, खोटं कशाला बोलू, दोन तुकडे उतरायचे. पण लाज वाटायची.

बहात्तराव्या दिवशी कांडी शर्टाबरोबर वॉशिंग मशीनमध्ये गेली. पूर्ण धुलाई, पिळणं, सगळं! बाहेर आली ती मेलेली. आणि मी ओरडायच्या आत नर्मदाच रडवेली, "तुमचा हत्यार माझ्यामुळे बिघाडला. आता ह्यां चालू होयसर माका चाय नको." अगं बाई! मासे गेले, आता चहा! ही दिवसाला पाच कप पिणारी, संध्याकाळपर्यंत डोकं बांधून पडली. आणि पापी कोण, तर मी, तिला बाम चोळतोय.

आता दुरुस्त करणं आलं. गॅलरीत उन्हात वाळवली, आपलं ऊन काय, पाचच मिनिटांत हात लावू देईना. टोकं स्पिरिटनं पुसली. चार्जरला लावली, तर चार्जरवर लगेच हिरवा दिवा. एरवी तास-तास लाल असतो. म्हणजे चार्जरला बॅटरी दिसतच नाहीये. मीटर लावला, बॅटरीत जीव आहे! मग लक्षात आलं, घाबरून मीच तिचे आटे कचकचून आवळले होते, त्यानं आतली मधली पिन खाली दबली. एवढीशी पिन, सुईनं वर उचलायची. म्हटलं, "सुई आहे का गं?" तर नर्मदेनं मंगळसूत्राला लावलेली सेफ्टी पिन काढून दिली. त्या पिनेनं मी आतली पिन उचलली. वर बघितलं नाही.

"पेटवन दाखवा," ती म्हणाली, "मगे चाय ठेवतंय." पातेलं हातात.

तुम्हाला सांगतो, तिथे मला घाम फुटला. कारण ती कांडी बटणावर पेटत नाही. तोंडात धरून ओढली तरच पेटते! मी ती प्लगमध्ये खुपसली, फ्रिजला लावली, काय होणार? तिचा चेहरा उतरला. पातेलं परत फळीवर ठेवायला लागली... आणि मला बघवेना. डोळे मिटले, कांडी तोंडात धरली आणि ओढली. टोक लाल पेटलं, झकास! आणि माझ्या दोन्ही नाकपुड्यांतून पुदिन्याचा ढग निघाला.

मी म्हटलं, "नर्मदे, धूर नव्हे गं... वाफ."

ती ओट्याकडे वळली. चहा ठेवला, उकळला, गाळला, बसून अख्खा कप प्याली. वचन म्हणजे वचन, टेस्टर चालू झाला होता. मग म्हणाली, "बाहत्तर दिस मी वरणभात खालंय. तुमका माशे वाढून." एवढंच. उठून कॅलेंडरची पानं उलटी फिरवली, सगळ्या फुल्या पुसल्या, म्हणाली, "आजपासून एक. आणि माशे मी एकटीनच कित्याक सोडूचे?"

आज एकेचाळिसावा दिवस. सिगरेट नाही, कांडी शैलेशला परत, आणि घरात दोन ताटं, दोन्हींत वरणभात. शुक्रवारी मात्र आम्ही शर्कला जातो, सवय आहे. अहमद विचारतो, "किती किलो?" मी नाही म्हणतो, पापलेटाच्या टोपलीवर वाकतो आणि छाती भरून ओढून घेतो. धूर नाही, वाफ नाही... नुसता वास.