कोरडा उपास

चंद्रव्वा : नर्स दोनदा येऊन गेली. दूध किती निघालं म्हणून सांगू तिला? वाटीचा तळबी भिजला न्हाय.

धनलक्ष्मी : येईल म्हणावं. उपास पुरा झाला की येईल.

चंद्रव्वा : व्हय की. आन् काचंतलं लेकरू तवर दम धरंल. सातव्या महिन्यात आलंय ते, दम धरणाऱ्यातलं दिसतंय का तुला?

धनलक्ष्मी : त्याच्यासाठीच करतेय ना मी, अत्ती!

चंद्रव्वा : आज कितवा दिवस?

धनलक्ष्मी : पहिला.

चंद्रव्वा : सोमवारपासनं पाण्याचा घोट न्हाय. आज बुधवार. मी अंगठेबहाद्दर, पण तीनपर्यंत मोजता येतंय.

धनलक्ष्मी : काल मोडला तो. दूध काढताना बोटावर थेंब सांडला. वाया जाऊ नये म्हणून चाटला. प्रार्थनासभेच्या वच्छलाताईंना फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, कोरडा म्हणजे कोरडा. पुन्हा पहिल्यापासून तीन दिवस.

चंद्रव्वा : सोताच्याच दुधाचा थेंब?

धनलक्ष्मी : हसू नका.

चंद्रव्वा : हसू न्हाय तर काय करू? आमच्या महादेवाच्या सोमवारी निदान शाबू तरी मिळतो. तुमच्या बायका लईच कडक.

धनलक्ष्मी : मी चुकले म्हणूनच रात्री त्याचा श्वास थांबला. एकदा नाही, दोनदा. ताई म्हणाल्या, कुठंतरी अपराध असणार.

चंद्रव्वा : हे बोलणं माज्या वळखीचं हाय. तुजी तीन पोरं पोटातच गेली, तवा मीच म्हणत व्हते. सोमवार चुकला आसंल, नवस ऱ्हायला आसंल.

धनलक्ष्मी : रोज म्हणत होतात.

चंद्रव्वा : सासू व्हते, दुसरं काम काय व्हतं मला? मग एका रविवारी तू अक्कलकोट रोडच्या त्या प्रार्थनेला जाऊन आलीस. चुलीपाशी बसलीस आन् तीन भाकरी खाल्ल्यास. आज उपास न्हाय का, म्हटलं. तर काय म्हणालीस?

धनलक्ष्मी : आठवत नाही.

चंद्रव्वा : मला आठवतंय. राग आला व्हता म्हणून आठवतंय. "येशूनं सगळं करून ठेवलंय, अत्ती. मला आता काही फेडायचं नाही. ही कृपा आहे." असला फुकटचा देव बघितला न्हाय, म्हटलं मी. पण भाकरी थापत ऱ्हायले. सात वर्सांत तू पहिल्यांदा पोटभर जेवत व्हतीस.

धनलक्ष्मी : तेव्हा ते माझ्यापुरतं होतं. आता बाळ आहे. कृपा पुरली नाही तर?

चंद्रव्वा : त्यातलं मला कळत न्हाय. आळिवाची खीर कळती. घरनं करून आणलीया, वाटीत काढलीया. पी.

(काचेपलीकडे यंत्र वाजू लागते. दोघी उठतात. यंत्र थांबते. दोघी बसतात.)

धनलक्ष्मी : मी प्यायले आणि तो गेला तर?

चंद्रव्वा : तर दोघी रडू. पण तुज्या घोटानं गेला, असं म्हणू देणार न्हाय मी कुणाला. तुज्या येशूलाबी न्हाय.

धनलक्ष्मी : तो... तो नाही म्हणत तसं.

चंद्रव्वा : मग कोण म्हणतंय?

धनलक्ष्मी : ताई म्हणतात. आणि मी.

चंद्रव्वा : मग पी, धनू.

धनलक्ष्मी : खिरीची वाटी तुम्हीच धरा तोंडाशी.