चार जिने, लिफ्ट नाही

धाकटी : पाय बाहेर काढू नकोस! अजून पाणी गरम आहे. आणि पाय टबात असले की तू पळून जात नाहीस, हा दुसरा फायदा. तर मी कुठे होते?

आई : विमानात.

धाकटी : विमान कधीच उतरलं गं! आपण बाहेरसुद्धा आलो. दमट हवा, केस मानेला चिकटलेत, आणि समोर हीऽऽ एवढी नदी, तिच्यात लांबट होड्या. भूगोलात आग्नेय आशियाचा धडा होता बघ, रटाळ, सनावळीसारखा? तो सगळा आपल्यासमोर उभा, घाम पुसत.

आई : घामच गाळायचा तर माझं दुकान काय वाईट आहे? तिथे निदान पंखा आहे.

धाकटी : त्या औषधांच्या दुकानातला पंखा मालकाच्या डोक्यावर आहे. तुझ्या डोक्यावर ट्यूबलाइट आहे. मी बघून आलेय.

आई : दिवसभर काउंटरला उभं राहून पोटऱ्यांचे दगड झालेत आणि ही मला होड्या दाखवतेय.

धाकटी : म्हणूनच पहिल्या दिवशी काहीच करायचं नाही. आई लोळेल, बस. दुसऱ्या दिवशी बोट. तिसऱ्या दिवशी बाजार, तिथे फळं कापून पिशवीत देतात आणि काडीने टोचून खायची, रस कोपरापर्यंत. मग परत. मालकांनी चार दिवस दिलेत, आपण चारच घेतोय. कोणाचे उपकार नाहीत.

आई : मालकांनी दिलेत म्हणे. तूच गेली होतीस ना माझ्यामागे दुकानात?

धाकटी : गेले होते. सरळ विचारलं, "काका, आईने स्वतःसाठी शेवटची रजा कधी घेतली, आठवतंय का?" बसले डोकं खाजवत.

आई : लाज नाही वाटली?

धाकटी : गेल्या वर्षापर्यंत वाटायची. कोणाला पत्ता विचारायचा तरी तुला पुढे ढकलायचे मी. आता नाही ढकलत. इतकं हलकं वाटतं ना आई, तुला सांगून कळणार नाही.

आई : नाहीच कळणार. बरं, खोली तळमजल्यावरचीच बघतेयस ना?

धाकटी : हो गं माझे आई. तुझी पहिली अट तीच आहे. थांब, दादाचा फोन. स्पीकरवर टाकते. बोला साहेब!

थोरला : झालं का तिकीट?

धाकटी : कसलं तिकीट! गिऱ्हाईक अजून पायच शेकतंय.

थोरला : आई, कशी आहेस?

आई : मी बरी. तू जेवलास? पाठीला कुठे लाल तर नाही ना झालं? रात्री कूस बदलायला तो मदतनीस येतो ना वेळेवर?

थोरला : येतो. नाही आला तर उशाशी घंटी आहे. वसतिगृहात येऊन दोन महिने झाले, आई. रोज हाच पेपर, रोज मी पास.

आई : तुला काय जातं म्हणायला. मला अजून रात्री दोनदा जाग येते. उठते, तुझ्या पलंगाशी जाते, चादरीवर हात ठेवते, आणि मग आठवतं की तू तिकडे आहेस.

धाकटी : आणि मग झोपत नाही, दादा. ओटा घासते. आपला ओटा आता इतका झिजलाय की उद्या पलीकडचं दिसेल.

आई : गप गं.

थोरला : म्हणून तर पैसे पाठवले ना. माझा पहिला स्टायपेंड आहे तो. मिक्सर घ्यायचा नाही, बँकेत टाकायचा नाही. कुठेतरी जायचं आणि झोपायचं.

आई : तू तिकडे मोबाईल दुरुस्ती शिकत डोळे फोडायचे आणि मी त्या पैशांवर हिंडायचं?

थोरला : कपाटात पासपोर्ट कोरे पडलेत तिघांचे. माझ्या ऑपरेशनसाठी केवढी पळापळ करून काढले होतेस तू, आणि त्या परदेशातल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघूनच नको म्हटलं. एखादा शिक्का बसू दे की त्यांच्यावर. हॉस्पिटल सोडून दुसऱ्या कशाचा तरी.

आई : तुझे बाबा होते तेव्हा एकदा समुद्र बघितला. तू पोटात होतास. त्यानंतर... तू असतास सोबत तर गोष्ट वेगळी.

थोरला : माझी परीक्षा आहे. आणि खरं सांगू? नसती, तरी नसतो आलो.

आई : का रे?

थोरला : एकोणीस वर्षांचा घोडा आहे मी. आईचं बोट धरून सहलीला कोण जातं?

धाकटी : ओ! मी जातेय.

थोरला : तू टकळी आहेस. तुझं ऐकून घ्यायला कोणीतरी बांधून ठेवलेलं लागतंच.

धाकटी : हा हा. हसले. दात दिसले. दादा, झोप लागते ना रे तुला तिथे? तू मागे म्हणाला होतास...

थोरला : लागते. जरा उशिरा. खोलीतला मुलगा फार शांत झोपतो, श्वास घेतोय की नाही तेही कळत नाही. सवय नाही ना मला. इतकी वर्षं माझ्या खोलीत ट्रक उभा असायचा, इंजीन चालू ठेवून.

आई : मी घोरते ते माहीत आहे. जन्मभर ऐकवलंस.

थोरला : बरं, टकळे, मुद्द्यावर ये. तिकीट कुठे अडलंय?

धाकटी : तिकीट नाही अडलं. तिकीट बसतं, जेवण बसतं, बोट बसते. राहण्यापाशी येऊन सगळं मुसळ केरात! सगळ्यात स्वस्त खोलीसुद्धा आपल्या आवाक्याबाहेर. मी आठवडाभर शोधतेय, डोळ्यांना झापड आली.

आई : बघ. मी म्हणतच होते. नाही ना होत, मग राहू दे. पैसे परत पाठवते तुला. खुर्चीची पुढची चाकं बदलून घे, कुरकुरत होती.

थोरला : आई, तुझा आवाज एकदम टवटवीत कसा झाला?

आई : काहीतरीच तुझं.

थोरला : एवढ्या मोठ्या शहरात स्वस्त खोली नाही, हे काही पटत नाही बुवा. टकळे, काय काय बघून शोधलंस? सांग बघू.

धाकटी : आईने सांगितलं तसंच. तळमजला. नसेल तर मोठी लिफ्ट. दारात पायरी नको. न्हाणीघराचं दार रुंद हवं आणि आत धरायला दांडी. बाहेरचा रस्ता सपाट, उंचसखल फरशा नकोत. हॉस्पिटल जवळ. आणि बोटीत चढायला रुंद फळी टाकतात का, ते तर मी स्वतः फोन करून विचारलं! तिथल्या एका लॉजच्या मालकीणबाईंना. इंग्रजीत! त्यांचं तोडकं, माझं मोडकं, पण काय जमलं म्हणून सांगू! त्या हसत होत्या, मी हसत होते. त्या म्हणाल्या, फळी टाकतात, पण तुला फळी कशाला हवी, तुझा आवाज तर उड्या मारणारा आहे.

थोरला : मग तू काय म्हणालीस?

धाकटी : काही नाही. मला पुढचं इंग्रजी सुचलं नाही.

थोरला : मी मराठीत विचारतो. फळी कशाला हवी?

धाकटी : अरे, आई म्हणाली...

थोरला : आईला फळी लागते? न्हाणीघरात दांडी लागते?

(टबातलं पाणी हलतं.)

धाकटी : अरे देवा.

थोरला : हं.

धाकटी : दादा, शप्पथ, डोक्यातच नाही आलं. आठवडाभर शोधतेय आणि एकदाही नाही! कुठेही जायचं म्हटलं की आपण हेच बघतो ना आधी. पायऱ्या किती, दार केवढं. ती सांगत गेली, मी शोधत गेले. अगदी बिनचूक!

आई : मी मुद्दाम नाही केलं.

थोरला : माहितेय गं.

आई : डोळ्यांसमोर खोली आणायची म्हटली की आधी दारच येतं. तुझी खुर्ची त्यातून जाते का, तेच येतं.

थोरला : म्हणजे मी येत नाही म्हणून ओरडतोय आणि तुम्ही मला न्यायला निघालात. चाकांसकट. टकळे, ते सगळं काढून टाक आता. दार, दांडी, फळी, हॉस्पिटल. आणि पुन्हा बघ.

धाकटी : बघू, आई?

आई : बघ. मी काय सांगणार.

धाकटी : एक मिनिट हं... आईशप्पथ! अगं, किती आहेत! अंगठा दुखेल इतक्या खोल्या! आणि ही बघ, त्याच मालकीणबाईंची. वरचा, चौथा मजला. चार जिने, लिफ्ट नाही. दारासमोर गच्ची, तिथून नदी. कोणी चढत नाही म्हणून अर्ध्या पैशांत! आई, बसतंय सगळं! वर फळांना पैसे उरतात, पोट बिघडेपर्यंत खाऊ!

आई : म्हणजे तो नसला की परवडतं.

धाकटी : तसं नाही गं.

आई : तसंच आहे. स्वस्त खोल्या तेव्हाही असतीलच. आपल्याला दिसत नव्हत्या, एवढंच. आता दिसायला लागल्या आणि तू टाळ्या पिटतेयस. नको मला. मला त्या गच्चीवर घास उतरायचा नाही.

धाकटी : मी टाळ्या नव्हते पिटत.

आई : हो गं, तुला नाही बोलले. दमलेय मी.

थोरला : मी एक सांगू? तुला सांगितलं नव्हतं. इथे आल्यावर पहिल्याच दिवशी मी वर्ग बुडवला.

आई : का? दुखत होतं?

थोरला : बघ, लगेच! काही दुखत नव्हतं. कँटीनमध्ये जाऊन बसलो. एकटा. कोणी विचारलं नाही की पाणी हवं का, पाठ अवघडली का, खुर्ची सावलीत घेऊ का. कोणाचं लक्षच नव्हतं माझ्याकडे. इतकं मस्त वाटलं आई, की मलाच कसंसं झालं. म्हटलं, ती बिचारी तिकडे रिकाम्या पलंगाशी बसली असेल आणि मी इथे मजेत.

आई : मग?

थोरला : मग काय, चहा गार झाला. तसाच प्यायलो. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसलो तिथेच.

आई : म्हणजे तुलाही माझ्यावाचून बरं वाटतं.

थोरला : वाटतं. म्हणून रोज संध्याकाळी फोन करायचा थांबलोय का?

आई : नाही.

थोरला : मग तू जा चार दिवस मजेत. मी वाईट वाटून घेणार नाही. आणि वाटलंच थोडं, तर वाटू दे. मेलं नाही कोणी त्याने.

धाकटी : ए, रडायचं नाही हं कोणी! उद्या शाळेत वर्गाचा फोटो आहे आणि माझं नाक दोन दिवस लाल राहतं.

आई : कोण रडतंय? पाणी गार झालं माझं.

धाकटी : गरम घालू?

आई : घाल. जरा बेतानेच घाल, भाजेल. हां... बास. आणि त्या बाईला विचार, जिन्यात मध्ये बसायला काही आहे का.

धाकटी : का?

आई : पाय बघतेयस ना माझे? एका दमात चार जिने होणार नाहीत माझ्याने. दुसऱ्यावर बसेन जरा.

धाकटी : म्हणजे हो? दादा, हो म्हणाली! तू ऐकलंस ना? साक्षीदार आहेस हं तू!

थोरला : ऐकलं. शेजारच्या खोलीतल्यांनीही ऐकलं. बस बाई दुसऱ्यावर, वाटलं तर तिसऱ्यावरही बस. कोण हाकलतंय?

आई : पण पोचल्या पोचल्या मी फोन करणार. आणि तू उचलायचा.

थोरला : उचलतो.

आई : आणि चाकांना तेल तरी घाल तोवर.

थोरला : घालतो.

धाकटी : खोली घेतेय हं. दाबतेय! दाबलं! झालं! आता तिकीट. जाताना दुपारचं विमान बघते, म्हणजे पहाटे उठून धावपळ नको, चालेल? चालेल. चपला तुझ्या त्या जाड तळाच्या घेऊ. मालकीणबाईंना मी सांगून ठेवते, माझी आई सावकाश येईल, आधी माझा आवाज येईल. आई, तुला खिडकीची जागा घेऊ का? वरून समुद्र दिसेल. तो तेव्हा बघितलास तसा, फक्त केवढा तरी मोठा. घेऊ ना? आई? अगं, तुलाच विचारतेय.

थोरला : काय झालं?

धाकटी : झोपली.

थोरला : हं?

धाकटी : बसल्या बसल्या. पाय टबात, मान भिंतीला, तोंड उघडं.

थोरला : उठवू नकोस.

धाकटी : वेडी आहे का मी? पाणी गार व्हायच्या आत हळूच पाय बाहेर काढून पुसते. खिडकीची तिला घेतली, मधली मला. चल, ठेवते. उद्या बोलू.

थोरला : टकळे, थांब.

धाकटी : आता काय?

थोरला : घोरतेय का?

धाकटी : नुसतं इंजीन सुरू केलंय. आता लागेल चढाला.

थोरला : मग फोन बंद नको करूस. ठेव तसाच, तिच्या जवळ. थोडा वेळ.