न उघडता पोचवलेल्या पत्राबाबत

लुकोबा पोलीस ठाणे, जिल्हा मसाका, युगांडा
दिनांक १५ जून २०२५, रविवार, दुपारी १ वाजून १० मिनिटे

नाव लिओकाडिया नालुमान्सी, वय ५४ वर्षे, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक, धर्म कॅथलिक, राहणार बुलायी, चर्चच्या मागची गल्ली.

मी स्वतः ठाण्यात येऊन समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी माझे पती यांच्यासह राहते. माझा धाकटा भाऊ बोनिफास कायिझी हा किटेन्गा येथे बायको मॉडेस्टा व मुलांसह राहतो. त्याची थोरली मुलगी क्रिस्पिना, वय १७, अकरावीला आहे. बोनिफासने परवा शुक्रवारी एड्रियन लुटाया, वय १८, या मुलाविरुद्ध क्रिस्पिनाला फूस लावून पळवून नेल्याची तक्रार दिली आहे. मुलगा या ठाण्याच्या कोठडीत असून उद्या त्याला कोर्टात नेणार असे मला कळले. तक्रारीत साक्षीदार म्हणून माझे नाव आहे. मी येथे येत असल्याचे पतींना सांगितले आहे. ते जा म्हणाले नाहीत आणि जाऊ नको असेही म्हणाले नाहीत.

मी क्रिस्पिनाची आत्या. आमच्या लोकांत भाचीला वळण लावायचे काम आईचे नसते, आत्याचे असते. न्हाणे-धुणे, बोलणे-चालणे, पुढे लग्नाचे, सगळे आत्याने सांगायचे. ती बारा वर्षांची झाल्यापासून दर सुट्टीत आठ दिवस माझ्याकडे येत असे. वडीलधाऱ्यांना गुडघे टेकून कसे भेटायचे, चुलीवरची केळी पानांत कशी बांधायची हे मी तिला शिकवले. घरातले बोलणे घराबाहेर न्यायचे नाही, हेही मीच शिकवले. ती ऐकणारी मुलगी आहे.

एखाद्या मुलाला आमची मुलगी मागायची असेल तर तो पायघोळ पांढरा कान्झु घालून, काही भेट घेऊन आत्याकडे येतो व पत्र देतो. पाकिटावर नाव आत्याचे असते, पण पत्र बापासाठी असते. आत्याने ते उघडायचे नसते. ते तसेच बापाच्या हाती द्यायचे. माझ्या आत्याने माझे पत्र असेच पोचवले होते आणि मी आजवर तीन भाच्यांची पोचवली.

शनिवार दिनांक ७ जून रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास एड्रियन माझ्या दारी आला. त्याआधी मी त्याला पाहिलेले नव्हते. कान्झु दुसऱ्या कोणाचा होता, कारण तो त्याच्या घोट्यांच्या वीतभर वर येत होता आणि खाली शाळेचे बूट दिसत होते. हातात एक किलो साखरेचा पुडा व साबणाची एक लांब वडी होती. पती ओट्यावर बसले होते. त्यांनी मला हाक मारली की, तुझ्याकडे जावई आलाय, अर्धेच कपडे घालून. मुलगा लाजला. मला म्हणाला, "आत्या, मी क्रिस्पिनाच्या शाळेतला." मी म्हटले, तुझी आत्या मी कधी झाले रे? तरी आत बसवले.

त्याचे कूळ विचारले, ते आमचे नव्हते, म्हणजे त्या बाजूने अडचण नव्हती. बाप माहीत नाही. आई चार वर्षांपासून ओमानला कोणाच्या घरी कामाला आहे. तो मामाकडे राहतो. मामाचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे आणि घरात मामीची सहा मुले आहेत. तो बारावीला आहे, नोव्हेंबरात परीक्षा. हे सगळे त्याने मी विचारले तेवढेच सांगितले. मग पाकीट दोन्ही हातांनी पुढे केले. त्यावर माझे नाव वळणदार अक्षरात होते. तो म्हणाला, "हे तुम्हीच वाचा." मी म्हटले, सगळे असेच म्हणतात. तो पुन्हा म्हणाला, "तुमच्यासाठीच आहे, आत्या, दुसऱ्या कोणासाठी नाही." मी हसले. मला वाटले, लाजतोय. पतीही हसले.

मला ते पसंत नव्हते. दोघेही शाळेत जाणारी, आणि मुलीला अठरा वर्षे नोव्हेंबरात पूर्ण होणार. पण नाही म्हणणे बापाचे काम, माझे नाही, असे मी धरून चालले. बोनिफास चार शब्द सुनावेल आणि विषय संपेल. पत्र मी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले. ते उघडण्याचा विचारही माझ्या मनात आला नाही. साखर डब्यात ओतली.

रविवार दिनांक ८ जून रोजी पेंटेकॉस्टच्या सणाच्या मिसानंतर, म्हणजे चर्चमधली उपासना संपल्यावर, पावणेअकरा वाजता, चर्चच्या अंगणात मी ते पत्र बोनिफासच्या हाती दिले. त्या वेळी तो प्यालेला नव्हता. मी म्हटले, रागावू नकोस, पोरगा रीतीने आलाय. त्याने पाकीट खिशात घातले. क्रिस्पिना आईजवळ उभी होती. तिने ते देणेघेणे पाहिले. ती माझ्याकडे आली नाही. दुरून बघत राहिली. मी हात केला.

त्यानंतर सोमवार ते गुरुवार मला कोणाचाही फोन आला नाही, मीही केला नाही. आठवड्याची कामे होती.

शुक्रवार दिनांक १३ जून रोजी दुपारी चारच्या सुमारास, रेडिओवर रोझरीची प्रार्थना सुरू होताना, क्रिस्पिना आणि एड्रियन माझ्या फाटकातून आत आले. दोघे शाळेच्या गणवेशात होते. पती घरी नव्हते. मुलीचे दप्तर मुलाच्या खांद्यावर होते, त्याचे स्वतःचे काही नव्हते. बोडाने, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलने आलात का, असे मी विचारले. चालत, असे तो म्हणाला. किटेन्गा ते बुलायी हे अंतर अकरा किलोमीटर आहे.

क्रिस्पिनाने मला भेटताना गुडघे पुरते टेकले नाहीत. अर्धी वाकली आणि भिंत धरली. मी तिला बोलले की, मुलाबरोबर हिंडायला लागलीस तशी रीतही विसरलीस का? मुलगा काही बोलणार होता, तिने त्याची बाही ओढली. तिच्या उजव्या मनगटाला शाळेचा टाय गुंडाळलेला होता. काय झाले असे मी विचारले. हातपंपावर पडले, म्हणाली. बसताना ती एका अंगावर भार देऊन बसली. हे मी पाहिले.

मुलाने विचारले, "आत्या, तुम्ही पत्र वाचलंत ना?" मी सांगितले की, पत्र जिथे जायचे तिथे गेले, उत्तर तिथून येईल. त्याने क्रिस्पिनाकडे पाहिले. मग म्हणाला, "मी हिला सांगत होतो, आत्यांनी वाचलेलं नाही. वाचलं असतं तर त्या आल्या असत्या. त्या पत्रात—" मी त्याला तिथेच थांबवले. मुलाने स्वतःच्या पत्राबद्दल स्वतः बोलायचे नसते, तुझा मामा येऊन बोलेल, असे म्हटले. त्याला रीत सांगायला आई-बाप जवळ नाहीत, हे मला आदल्या शनिवारी त्यानेच सांगितले होते.

मी त्यांना बिनदुधाचा चहा आणि उकडलेला कसावा कंद दिला. मुलाने तिचा कप आपल्याकडे घेऊन निववला, मग तिच्या डाव्या हातात दिला. कसावा मोडून मोठा तुकडा तिच्याकडे सरकवला. तिने तो परत त्याच्या ताटात ठेवला. असे दोनदा झाले. शेवटी तो म्हणाला, "खा गं, नाहीतर रस्त्यात म्हणशील माझ्यामुळे उपाशी राहिले," आणि ती हसली. ती हसल्याचे मी लिहून घ्यायला सांगत आहे, कारण तक्रारीत ती घाबरलेली होती असे लिहिले आहे. त्या मुलाला ती घाबरत नव्हती.

शेंगदाण्याचे कालवण आणते असे सांगून मी मागच्या अंगणात गेले आणि बोनिफासला फोन केला. मुलगी बापाच्या घरून निघाली तर आधी बापाला कळवायचे, हे मला माहीत होते. तो म्हणाला, "बसवून ठेव. गोड बोल आणि बसवून ठेव." त्याचा आवाज कसा होता हे मला सांगता येते. कॉफीची गिरणी बंद पडून त्याची नोकरी गेल्यापासून, म्हणजे सतरा महिन्यांपासून, दुपारनंतर त्याचा आवाज तसा असतो. मी आत येऊन कालवण वाढले. शाळा, परीक्षा, असे बोलत राहिले. ते दोघे बंद पडलेल्या कॉफीच्या गोदामाच्या ओट्यावर अभ्यास करतात, कारण दोघांच्याही घरी वाचता येत नाही, हे मला त्या बोलण्यात कळले. मी त्यांना सुमारे पन्नास मिनिटे बसवून ठेवले.

साडेपाचच्या आधी बोनिफास दोन माणसांसह गाडीतून आला. त्या माणसांनी मुलाला धरले. मुलाने हात उगारला नाही. तो एवढेच म्हणत होता की, आम्ही कुठे पळालो नाही, आत्यांकडेच आलो. बोनिफासने मुलीला त्याच मनगटाला धरून उठवले. जाताना ती फाटकाशी थांबली. मला म्हणाली, "तू खरंच वाचलं नव्हतंस, आत्या?"

मी म्हटले, "ते मी वाचायचं नव्हतं."

ती म्हणाली, "वर नाव तर तुझं होतं."

यानंतर ती गाडीत बसली. दप्तर माझ्याकडे राहिले, ते आज सोबत आणले आहे.

आज सकाळी मिसाला बोनिफास आला नाही. क्रिस्पिनाही आली नाही. मॉडेस्टा एकटी आली होती. डोक्याचे फडके तिने कपाळावर खूप खाली बांधले होते. ईस्टरलाही तिने ते तसेच बांधले होते. तेव्हा मी विचारले नव्हते, आज विचारले. ती म्हणाली, "वन्सं, ऊन लागतं." क्रिस्पिना कुठे, तर ताप आहे. मग तिने माझे प्रार्थनेचे पुस्तक हातात घेतले, चाळल्यासारखे केले, परत दिले, आणि बाजारात टोमॅटो कसे आहेत असे विचारून निघून गेली. पुस्तकात ते पत्र होते. मधून फाडून पुन्हा चिकटवलेले आहे. चिकटपट्टी लहान मुलांच्या वहीची, फुलांची आहे. मी ते घंटेच्या खांबाखाली उभी राहून वाचले. ते आज ठाण्यात जमा करत आहे. त्यातील मजकूर असा:

"आदरणीय आत्या, मी क्रिस्पिनाचं लग्न मागायला लिहीत नाही. ते मागायला मला अजून बरीच वर्षं आहेत, आणि तेव्हा ती हो म्हणेल की नाही ते तिलाच ठाऊक. तिचे वडील तिला मारतात. पट्ट्याने मारतात, आणि आई मध्ये पडली की आईला. ती तुम्हाला सांगणार नाही, कारण घरातलं बाहेर न्यायचं नाही असं तुम्ही शिकवलंय. म्हणून मी लिहितो. तिला परीक्षेपर्यंत तुमच्याकडे ठेवून घ्या. ती म्हणते जगात तिला आत्याचंच घर आहे. माझ्यामुळे अडचण होत असेल तर मी तुमच्या गावात पाऊल टाकणार नाही, शाळेतही तिच्याशी बोलणार नाही. हे मी लिहून देतो. पत्र वाचून झालं की जाळून टाका. तिच्या वडिलांच्या हाती लागू देऊ नका. तुमचा आज्ञाधारक, एड्रियन."

जबाब लिहून घेणाऱ्या अंमलदार बाईंनी विचारले की, मग कान्झु आणि भेट कशासाठी? याबाबत मी कोठडीच्या दाराशी मुलाला त्यांच्या परवानगीने व समक्ष विचारले. तो म्हणाला, "आईला फोन केला होता. ती म्हणाली, मुलीच्या आत्याकडे जाताना नीट कपडे करून जा, रिकाम्या हाताने जाऊ नको. दुसरं कोणी सांगायला नव्हतं." त्याने माझ्याबद्दल वाईट काही म्हटले नाही. क्रिस्पिना कशी आहे, एवढे विचारले.

बोनिफास प्यायला लागल्याचे मला माहीत होते. तो हात उचलतो हे मला कोणी सांगितले नव्हते. पण मी आत्या आहे. मला कोणी सांगावे लागायला नको होते.

मुलाने मुलीला पळवून नेले नाही. तिला जिथे जायचे होते तिथे तो तिला सोडायला आला, आणि ते घर माझे होते. तिथून तिला परत पाठवणारी मी आहे. ही जबानी उद्या कोर्टातही देईन.

माझी विनंती आहे की, मुलाला सोडावे, आणि आजच अंधार पडण्याआधी बाई अंमलदारांनी माझ्यासोबत किटेन्गाला येऊन क्रिस्पिनाला त्या घरातून बाहेर काढावे व डॉक्टरांना दाखवावे. तिला माझ्या घरी ठेवण्यास मी तयार आहे. पतींचे काय ते मी बघेन. परंतु तिला आधी विचारावे, आणि विचारताना मी खोलीत नसावे. ती माझ्याकडे येणार नाही म्हणाली तर चर्चच्या सिस्टर तिला ठेवून घ्यायला राजी आहेत, मी येतानाच त्यांच्याकडे जाऊन आले.

येणेप्रमाणे माझा जबाब माझ्याच बोलीत मला दोनदा वाचून दाखवण्यात आला. वाचून दाखवताना एके ठिकाणी "मुलाने मुलीला पळवून नेले नाही, असे मला वाटते" असे लिहिलेले होते. त्यातील "असे मला वाटते" हे शब्द मी खोडायला लावले आणि खोडल्या जागेपाशी सही केली. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही / लिओकाडिया नालुमान्सी
समक्ष, बाई अंमलदार, लुकोबा पोलीस ठाणे